काट्यावर बोललेलं

आमच्या अण्णांची पेट्रोलवरची जीप होती. महिंद्राची, उंच बॉनेटची, आत हरिकेन इंजिन. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत आमची वस्ती. त्या जीपनं काय नाही वाहिलं? उसाचं बेणं, दुधाच्या किटल्या, अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश झालेला गडी. पण पेट्रोल प्यायची म्हणजे पाण्यासारखं. १९८०च्या पुढं महिंद्रा आपल्याच जीपमध्ये प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घालू लागली, आणि मग गावोगावचे लोक जुन्या पेट्रोल जीपा ‘डिझेल करून’ घेऊ लागले. अण्णांनीही मनावर घेतलं.

इंदापूरकडं एकजण अपघाती गाड्या तोडून इंजिनं विकायचा. त्याच्याकडून प्युजोचं इंजिन आणलं. तो म्हणाला, “अण्णा, चालू गाडीतनं काढलंय. बिनघोर न्या. काय झालंच तर मी कुठं पळून चाललोय का?”

आठ दिवस जीप झकास पळाली. नवव्या दिवसापासून खोड लागली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. जागेवर ऐकलं तर ठोका सुरेख. पण किटल्या भरून भवानीनगर ओलांडलं, लासुर्ण्याच्या बाजूला लागलो, की ओढ जायची. पाय खालपर्यंत दाबला तरी जीप पुढं सरकायची नाही. मग चारातलं एक सिलिंडर गळाल्यासारखी थरथरायची. बंद करून दहा मिनिटं उभी केली, की पुन्हा जशीच्या तशी. शेजाऱ्यानं सांगितलं, “इंजान मेलेलं हाय अण्णा, फसवलं तुमास्नी.”

ऊसतोडीचे दिवस होते. कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली. तिथं चहाच्या टपरीपाशी अण्णा मोठ्यानं बोलले, “त्या चोरानं मेलेलं इंजान माझ्या गळ्यात मारलं!” ऐकणारे तीसेक जण तरी असतील. बारामतीचे होते, इंदापूरचे होते, पलीकडचे अकलूजचेही होते. अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. माणसाला एखादी गोष्ट खरी वाटते एवढ्यावर ती चारचौघांत बोलायचा त्याला हक्क मिळतो का?

शेवटी निमगाव केतकीच्या रस्त्याला एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांच्याकडं जीप नेली. अण्णा म्हणाले, “इंजिन उतरवा.” मिस्त्री म्हणाले, “उतरवायला काय, पैसं मिळतील मला. पण आधी बघू तरी द्या.” त्यांनी चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तळवा धरला. बॅक कॉम्प्रेशन नव्हतं. म्हणजे रिंगा शाबूत. धूर बघितला. काळा नाही की निळा नाही. “हे आजारी न्हाय अण्णा, उपाशी हाय,” म्हणाले. मग नोझलचे नट एकेक करून सैल केले. ज्याचा सैल करावा त्याचा ठोका पडायचा. म्हणजे चारी सिलिंडर काम करत होती. मग त्यांनी पाच लिटरचा डबा डिझेलनं भरून बॉनेटवर बांधला, टाकीकडून येणारी नळी काढली आणि डब्याची नळी जोडली. पंपातली हवा काढली. मला शेजारी बसवलं आणि लासुर्ण्यापर्यंत जाऊन आले. जीप एकदाही अडली नाही.

दोष टाकीत होता. आमच्या टाकीत. वीस वर्षांचा गंज आणि गाळ तळाशी बसलेला. पेट्रोलला एकच नळी लागते, डिझेलला मात्र पंपातलं आणि नोझलवरचं उरलेलं तेल टाकीत परत न्यावं लागतं. त्या परतीच्या धारेनं गाळ ढवळला आणि ओढणीच्या नळीच्या जाळीवर जाऊन बसला. गाडी थांबली की गाळ खाली पडायचा, म्हणून दहा मिनिटांनी जीप बरी व्हायची. त्यात टाकीजवळच्या नळीला केसाएवढी चीर. तिथून डिझेल गळत नव्हतं, उलट ओढ बसली की हवा आत शिरायची. जाळी तुंबेल तशी ओढ वाढायची आणि हवाही वाढायची.

मी विचारलं, “मग पेट्रोलवर असताना कसं चाललं?” मिस्त्री म्हणाले, “कार्बोरेटरला वाटी असती. थोडी हवा आली तर वाटीत निघून जाती. डिझेलच्या पंपात हवा गेली की नोझल तेल फेकत न्हाय. त्याला चालत न्हाय.”

म्हणजे आमचा दोष जुन्या इंजिनानं पोटात घातला होता. नव्यानं तो उघडा पाडला, आणि आम्ही नव्यालाच चोर ठरवलं. घरात नवी सून आली की भांडणं सुरू होतात आणि सगळे म्हणतात, हिच्या पायगुणानं झालं. आधीची गप्प सोसत होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शेवटी जे बदललं त्यावर बोट ठेवणं चुकीचं नाही. तपासाची ती रीतच आहे. पण तपास सुरू करायला तिथं बोट ठेवणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. मिस्त्रींनीही इंजिनापासूनच सुरुवात केली होती. फरक एवढाच, की ते डबा बांधेपर्यंत कुणाला काही म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी अण्णा त्या माणसाच्या घरी गेले. मी बरोबर होतो. अण्णांनी हात जोडले. त्यानं आम्हाला बसवलं, चहा दिला आणि हळूच म्हणाला, “अण्णा, तुम्ही आलात, मन मोठं केलंत. पण माझ्या घरात मला कोणी चोर म्हणत नव्हतं. तुम्ही काट्यावर बोलला होतात.”

दुसऱ्या दिवशी अण्णा काट्यावर गेले. रांगेतली माणसं निराळी होती. तरी बोलले. पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत राहिले. लोक हसायचे, म्हणायचे, “जाऊ द्या हो अण्णा.” फसवणुकीची गोष्ट ऐकायला लोक चहा गार होऊ देतात. चुकीच्या कबुलीला तेवढा वेळ कुणाकडं नसतो. त्या माणसाचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. दोन वर्षांत त्यानं धंदा आवरला. तो आमच्यामुळंच आवरला का, हे मला सांगता येणार नाही. आमचा वाटा नव्हता, असंही म्हणता येणार नाही.

शब्द परत घेता येत नाही म्हणून तो परत घ्यायचाच नाही का? अण्णांना तसं वाटलं नाही. फिटणार नाही हे कळूनही त्यांनी ते देणं थोडंथोडं फेडलं.

अण्णा गेले त्याच्या दहाव्याला घाटावर मंडळी जमली होती. जीपचा विषय निघाला. एक वयस्कर पाहुणे म्हणाले, “लई सरळ माणूस. त्या इंदापूरच्यानं कसलं मेलेलं इंजान घातलं होतं गळ्यात.” मधे वीसहून जास्त वर्षं गेली होती. मी उठून उभा राहिलो आणि टाकी, गाळ, चीर, डबा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. निम्मी मंडळी तोवर पिंडाला कावळा शिवतो का, तिकडं बघत होती.