दुबळ्या पानांची हूल

सत्य बोलावे, हे आपणांस लहानपणापासून शिकविले जाते. परंतु हाती असलेले प्रत्येक सत्य न विचारता उघड करावे, असे मात्र कोणी शिकवीत नाही. मौन आणि असत्य यांच्या दरम्यान एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे, आणि पत्त्यांचा डाव त्याच प्रदेशात मांडला जातो. पोकरच्या स्पर्धांत तर असा एक प्रसंग वारंवार येतो, की ज्याचा विचार नीतीच्या अभ्यासकानेही करावा. प्रतिस्पर्ध्याने बोली वाढविलेली असते. आपल्या हाती सामान्य पाने असतात. आणि तरीही आपण त्याच्या बोलीवर बोली चढवून समोरच्या साऱ्या चिप्स एकदम पणाला लावतो. जे बळ अंगी नाही ते असल्यासारखे वागणे केव्हा उचित, असा हा प्रश्न आहे. त्याला एक अंग हिशेबाचे आहे, दुसरे नीतीचे.

प्रथम हिशेब पाहू. सक्तीची मोठी बोली १ एकक, छोटी अर्धे एकक आणि आरंभीची वर्गणी १ एकक धरा. एकाने बोली अडीच एककांवर नेली. म्हणजे पटावर ५ एकके जमली. आपणांपाशी १८ आहेत, ती सारी आपण पुढे सारतो. बाकीचे डावातून निघाले असे समजू. बोली करणाऱ्याने पाने टाकली, तर ५ एकके आपली. तो भिडला आणि आपल्या पानांना शंभरांत ३० वेळाच यश येणार असेल, तर सरासरीने सुमारे साडेसहा एककांचा तोटा. याचा अर्थ असा, की शंभरांपैकी सुमारे ५६ वेळा त्याने माघार घेतली, तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. ६० वेळा घेतली तर अल्प लाभ. ५० वेळाच घेतली तर निश्चित हानी. त्यातून स्पर्धेत सर्वस्व गेले की खेळाडू बाहेर पडतो. उलट चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही. बक्षिसांच्या उंबरठ्यावर तर गमावलेली चिप मिळविलेल्या चिपेपेक्षा बरीच महाग पडते. तेथे ५६ चा आकडा पुरत नाही.

या गणितातून एक मार्मिक गोष्ट निघते. अशा हुलीचे बळ आपल्या पानांत फार थोडे असते. ते प्रतिस्पर्ध्याच्या माघार घेण्याच्या शक्यतेत असते. म्हणून ज्याला पाने टाकणे ठाऊकच नाही, किंवा ज्याने आपले बहुतेक सारे आधीच पटावर घातले आहे, त्याला हूल देणे व्यर्थ होय. आपली रास अगदी तुटपुंजी उरली असेल, तर धमकीला धार राहत नाही. ती फार मोठी असेल, तर थोड्यासाठी फार धोक्यात येते. दुबळ्या पानांतही निवड असते. हाती एक एक्का असला, तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनावर येतात. दुबळेपणाचाही असा काही उपयोग असावा लागतो.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांच्या उपपत्तीचा पाया घातला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरचा सविस्तर विचार केला. त्यांच्या सुटसुटीत केलेल्या पोकरमध्ये हूल द्यावयाची ती कनिष्ठ पानांवर. मध्यम पानांनी शांतपणे पाने उघडण्याची वाट पाहावी. कधीही हूल न देणाऱ्याच्या जोरदार पानांसमोर कोणी उभा राहत नाही, आणि नेहमी हूल देणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. हूल ही अशा रीतीने सचोटीच्या साठविलेल्या भांडवलावर जगते. ते उधळले, की तिची किंमत शून्य.

२००३ साली लास वेगास येथील वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ स्पर्धक होते. अखेरच्या झुंजीत क्रिस मनीमेकर या टेनेसीच्या हिशेबनिसाने, हाती राजाखेरीज काही नसताना, सर्वस्व पणाला लावले. समोर सॅम फर्हा हा मुरलेला खेळाडू. त्याच्यापाशी नव्व्यांची जोडी होती. दीर्घ विचारानंतर त्याने ती टाकून दिली. मनीमेकरने पुढे २५ लाख डॉलर जिंकले. फर्हा भिडला असता, तर तो निर्णय चुकीचा ठरला असता काय? आपण यशावरून शहाणपण मोजतो. पण निर्णयाचे मूल्य निर्णयाच्या क्षणी हाती असलेल्या ज्ञानावरूनच ठरावयास हवे.

आता नीती. कांटने १७९७ साली असे प्रतिपादिले, की दारात आलेल्या मारेकऱ्यापासून मित्राला वाचविण्यासाठीही असत्य बोलण्याचा आपणांस अधिकार नाही. या कठोर कसोटीवरही पोकरचा खेळाडू बहुधा उतरेल. कारण तो काही विधानच करीत नाही. तो फक्त चिप्स पुढे सारतो, आणि त्या चिप्स खऱ्या असतात. आल्बर्ट कार यांनी १९६८ साली एक पाऊल पुढे टाकून म्हटले, की व्यापारही पोकरसारखाच आहे, त्यात हूल देणे खेळाच्या नियमांत बसते. येथे मात्र थबकले पाहिजे. पोकरच्या पटाभोवती बसलेला प्रत्येक जण स्वखुशीने बसलेला असतो, नियम जाणतो आणि स्वतःचेच पणाला लावतो. या तीन अटींपैकी एक जरी सुटली, तरी हुलीची फसवणूक होते.

सभापर्वातील द्यूतात युधिष्ठिर आधी स्वतःला हरला आणि मग त्याने द्रौपदीला पणाला लावले. स्वतःला हरलेल्यास मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, हा तिचा प्रश्न भर सभेत अनुत्तरित राहिला. तो प्रश्न आपल्या कचेरीतही येऊन उभा राहतो. दोन खात्यांच्या वाटाघाटींत आपली बाजू आहे त्याहून भक्कम भासविली, तर समोरचाही तोच खेळ जाणणारा असतो. पण नियमपुस्तिकेत नसलेला अधिकार चेहऱ्यावर आणून एखाद्या अर्जदाराला माघारी धाडणे, हे वेगळे. परक्या प्रांतातील अधिकाऱ्यासमोर, त्याची भाषाही नीट न येणारा तो मनुष्य डाव मांडण्यास आलेला नसतो. आपली पाने पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. आणि पणाला लागते ते त्याचे शेत, त्याचे निवृत्तिवेतन. आपल्या दौतीतला थेंबही त्यात जात नाही.

दुबळ्या पानांवर सर्वस्व लावण्याचे धैर्य म्हणूनच तेथे शोभते, जेथे सर्वस्व खरोखर आपले असते. हूल देण्यापूर्वी समोरचा माघार घेईल काय, हे खेळाडू विचारतो. टेबलामागे बसणाऱ्याने त्याआधी एवढे विचारावे, की समोरचा येथे खेळावयास आला आहे काय?