गुत्तेदारावर विश्वास किती ठेवावा?

मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात, आणि बहुतेक घरांत त्याची एक तरी कहाणी असते. समजा, पुण्यात नोकरी करणारी दोन भावंडं तुळजापुरातलं वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढतात. भक्तांना उतरायला चार खोल्या होतील, नवरात्राच्या आत काम झालं तर घातलेले पैसे लवकर सुटतील, असा हिशोब असतो. गुत्तेदार उचल घेतो, गिलावा खरवडतो, पत्रे उतरवतो आणि दिसेनासा होतो. फोन लागलाच तर उत्तर ठरलेलं: ‘उद्या माणसं पाठवतो.’ अशा माणसाशी कसं वागावं? प्रश्न व्यवहाराचा दिसतो, पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न आहे. विश्वास ही एकाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी असते, की दोघांनी मिळून उभी करायची गोष्ट?

असा प्रत्येक गुत्तेदार लबाड नसतो. अनेकांकडे स्वतःचं भांडवल नसतं. तुमच्या उचलीतून तो आधीच्या कामावरच्या मजुरांचा आठवडा भागवतो, आणि तुमचं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या उचलीवर चालवू म्हणतो. याच जिल्ह्यातल्या कळंब, भूम, वाशी भागातला ऊसतोड मजूरही हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. तिथे घेणारा बांधला जातो. घराच्या कामात उलट होतं, देणारा बांधला जातो. अर्धे-अधिक पैसे गेल्यावर गुत्तेदाराला हाकलणंही परवडत नाही. शब्द एकच, बेडी कुणाच्या पायात पडणार, ते कोण अडलेला आहे यावर ठरतं.

यावर दोन सल्ले मिळतात. एक: माणसावर विश्वास टाका, तो जागतो. दुसरा: पैसे अडवून धरा, तो वठणीवर येतो. पहिल्यात औदार्य दिसतं, पण पुण्याहून दर पंधरा दिवसांनी येण्याचा कंटाळाही त्या औदार्याच्या आड सहज लपतो. दुसऱ्यात न्याय दिसतो, पण अडवलेल्या पैशाची झळ गुत्तेदाराच्या आधी गवंड्याला आणि बिगाऱ्याला लागते. त्यांची नावंही मालकाला ठाऊक नसतात.

तिसरा मार्ग या भागाने मोठी किंमत मोजून पाहिला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली. त्या जाड दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या, एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये मातीत कोंबलेले दगडगोटे. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. हादरा बसताच त्या एकमेकींपासून सुटल्या.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांतली घरं मुख्यतः गुत्तेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. पण लाखाहून अधिक घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि ते काम घरमालकांवरच सोपवलं गेलं. पैसे टप्प्याटप्प्याने मिळत. एका टप्प्याचं काम अभियंत्याने पाहिलं की पुढचा हप्ता. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. भूकंपात टिकणारं बांधकाम कसं असतं, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या.

यातून मला एक गोष्ट पटते. पाहणं म्हणजे अविश्वास नव्हे. जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी पाहिलं पाहिजे: गिलाव्याआधी भिंत, स्लॅबआधी लोखंड, फरशीआधी नळ. ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ असं गुत्तेदार म्हणाला, तर सांगावं की हे चांगल्या गवंड्यासाठीच आहे. कुणी पाहतच नसेल, तर मन लावून काम करणारा आणि उरकून टाकणारा सारखेच ठरतात, दाम सारखाच मिळतो, आणि हळूहळू पहिलाही दुसऱ्यासारखा होतो. न पाहणारा मालक स्वतः तर बुडतोच, वर प्रामाणिक कारागिरावर अन्याय करतो.

कायदा हाताशी आहे. 1872 च्या करार कायद्यात नुकसानभरपाई आहे. 1993 च्याच दुरुस्तीने घरबांधणी ग्राहक कायद्यातली सेवा ठरली, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पण कायदा घर मोडल्यावर येतो. त्याआधीचं काम आपलं: छोटी उचल, लिहिलेले टप्पे, झालेल्या कामाचे पैसे त्याच आठवड्यात, आणि मजुरी बाजाराच्या दिवशी मजुरांच्या हातात पडते ना, याची विचारपूस. काम सोडून गेलेल्याला बोलावून त्याच्यासमोर मोजमाप घ्यावं, झाल्या कामाचा हिशोब मिटवावा, आणि आवाज न चढवता वेगळं व्हावं.

इतकं करूनही फसवणूक होऊ शकते. पण मग तिचा दोष दोघांत वाटून घ्यावा लागत नाही.