आठवणीचा हक्क

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी मला भेटायला घरी आली. दहावीपर्यंत आमच्याकडे, पुढे बेळगावात पी.यू.सी., आणि त्या वर्षीच बंगळूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली. आमच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावातून पाचशे किलोमीटरवर गेलेली ती त्या घरातली पहिलीच मुलगी. नमस्कार झाला, चहा झाला. कसे चालले आहे म्हणून विचारले, तर तिने दिनक्रमच सांगायला सुरुवात केली. एका खोलीत तिघी. एक आंध्रची, एक बिहारची आणि ही. पहाटे उठले नाही तर गरम पाणी संपते. बसमध्ये उभ्याने पाऊण तास. मेसमध्ये रोज भात आणि सार, भाकरी दृष्टीला पडत नाही. रविवारी कपडे धुवायचे, ते गच्चीवर वाळत घालून राखत बसायचे. वर्गात सरांचे इंग्रजी कळते, पण शंका विचारायला तोंड उघडत नाही. रात्री नऊला आईचा फोन. आई फोन फिरवून पडवी दाखवते, गोठा दाखवते, नवे वासरू दाखवते.

"फोनवर घर दिसतं सर, पण वास येत नाही," ती म्हणाली.

मग जरा थांबून तिने येण्याचे खरे कारण सांगितले. वडील जुने घर पाडून स्लॅबचे बांधणार होते. पंचायतीत कागदही दिले होते. तिला हे गणपतीला घरी आल्यावर, शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. "बाबा तुमचा शब्द मोडणार नाहीत. तुम्ही सांगा ना, घर पाडू नका म्हणून. मी तिथं रोज झोपताना हेच घर डोळ्यांपुढं आणते. ते गेलं तर काय आणू?"

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून अनेक विनंत्या ऐकल्या; वर्गात बसवा, दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करा, फी माफ करा. अशी विनंती पहिलीच. मी "बघू" म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी होते म्हणून म्हणालो, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे, की १९८७ साली मीही याच जागी उभा होतो.

त्या जूनमध्ये मी धारवाडला कॉलेजात गेलो. खानापूरहून लोंढ्यामार्गे तेव्हा मीटरगेजची गाडी जायची. प्रवास अर्ध्या दिवसाचासुद्धा नव्हता. पण कन्नड मला येत होते ते बाजारापुरते, आणि कॉलेजात बाजार नव्हता. आम्ही चौघे एका पत्र्याच्या खोलीत. जेवण खानावळीत. हा शब्द तिथेही हाच, एवढा एक दिलासा. भाकरीला रोट्टी म्हणायचे, भाजीला पल्या, आणि शेंगाचटणी मात्र आपलीच. खानावळीची मालकीण रोज "ऊट आतेनु?" म्हणून विचारायची. जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ, तरी घशात आवंढा यायचा. कारण हाच प्रश्न घरी दुसऱ्या भाषेत विचारला जात असे. रात्री पत्र्यावर पाऊस पडला की झोप उडायची. आमच्या घरी पाऊस मंगळुरी कौलांवर पडायचा, त्याचा आवाज अंगावर घोंगडी घातल्यासारखा. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे कोणी डोक्यावर ढोल बडवते आहे.

निघताना आईने पोह्यांची पिशवी दिली होती. ते पोहे मी खाल्ले नाहीत. ट्रंक उघडायची, पिशवीला नाक लावायचे आणि पुन्हा बंद करायची. संपले तर घर संपेल, असा काहीतरी समज. श्रावणात त्यांना बुरशी आली आणि सगळे फेकावे लागले. आईने घामाने कांडून दिलेली वस्तू मी पूजेला लावून नासवली. हे मला तेव्हा प्रेम वाटत होते.

दिवाळीला घरी आलो, तर माळ्याखालच्या खिडकीजवळची माझी जागा गेलेली. तिथे भाताची पोती आणि धाकट्या भावाची खाट. मी आकाशपाताळ एक केले. वडील काही बोलले नाहीत. आजी मात्र चुलीपुढून म्हणाली, "पावना म्हणून आलायस, पावन्यासारखा ऱ्हा." ते वाक्य पुढे कितीतरी वर्षे मला सलत राहिले.

या दुखण्याला वैद्यकाने नाव दिले ते १६८८ साली. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधात दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. एकाचा अर्थ घरी परतणे, दुसऱ्याचा वेदना. पुढे परमुलखात लढणाऱ्या स्विस शिपायांचा रोग म्हणून तो गाजला. पण होफरने सांगितलेला एक रुग्ण शिपाई नव्हता. तो होता बेर्नहून बाझेलला शिकायला आलेला विद्यार्थी. आजच्या रस्त्याने ही दोन गावे शंभर किलोमीटरच्या आत आहेत. मुलगा झुरून मरणाला टेकला, म्हणून त्याला घरी पाठवायचे ठरले; आणि वाटेतच, घर दिसण्याच्या आधी, त्याच्यात सुधारणा होऊ लागली. ही हकीकत वाचली तेव्हा मला लोंढ्याचे स्टेशन आठवले. गाडी तिथे पोचली की माझीही भूक परत यायची.

त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत, १७९८ साली, जर्मन तत्त्वज्ञ कांट याने याच स्विस लोकांविषयी एक मार्मिक निरीक्षण केले. ही माणसे घरी परततात, तिथे त्यांची निराशा होते आणि म्हणूनच ती बरी होतात. त्यांना वाटते गाव बदलले. खरे तर त्यांना गाव नको असते, त्यांना आपले लहानपण हवे असते, आणि ते कोणत्याही गाडीने परत येत नाही. विचार पटण्यासारखा आहे. पण तो पन्नाशीच्या माणसाला जास्त लागू पडतो. अठरा वर्षांच्या पोरीचे कुठले तारुण्य हरवले आहे? तिचे तर उंबरठ्यावर आहे. मग ती काय शोधते?

मला वाटते, ती आणि मी, आम्ही दोघांनी शोधले ते घर म्हणजे ज्यात आपल्या वाट्याला काम नव्हते असे घर. मी झोपेतून उठायचो तेव्हा चूल पेटलेली असायची, पाणी भरलेले असायचे, जमीन सारवलेली असायची. हे सारे कोणी तरी केले आहे, हे मला दिसत नव्हते. म्हणून तो घराचाच गुण वाटायचा. परक्या गावी पहिल्यांदा आपली बादली आपण भरली, की घराची आठवण येते. ती खोटी नसते. पण अर्धी असते. त्या आठवणीत आई हसत दाराशी उभी असते. पहाटे पाचला कंबर धरून उठणारी आई त्यात नसते.

आता आपल्या भाषेकडे पाहा. पोराच्या या दुखण्याला मराठीत नाव नाही. 'स्मरणरंजन' हा शब्द पुस्तकी, आणि त्यात दुखण्यापेक्षा रंजनच अधिक. पोरीसाठी मात्र भाषेने अख्खे दालन उघडले आहे. माहेर, माहेरवाशीण, सासुरवाशीण. पंचमीला वाटेकडे लागलेले डोळे, मुराळी म्हणून येणारा भाऊ, जात्यावरच्या ओव्या. शेजारच्या कन्नडमध्येही तेच, तिथे तवरुमने. आपल्या मुलखातल्या बायका दोन्ही भाषांत हेच रडल्या आणि हेच गायल्या. त्यांच्या ओढीत एक शहाणपण असे. माहेरवाशीण येते, चार दिवस राहते, विहिरीच्या काठाला हात लावून पाहते. पण चूल कुठे असावी हे ती सांगत नाही. ते आता वहिनीचे घर आहे, हे ती जाणून असते. ओढ पुरेपूर, दावा नाही. आजी मला 'पाहुणा' म्हणाली ती अपमान करायला नव्हे. पंधराव्या वर्षी स्वतःचे घर सोडून आलेली ती बाई आपल्या धंद्यातली पहिली युक्ती मला शिकवत होती.

इथे कोणी मला अडवील, आणि अडवायलाच हवे. मास्तर, तुम्ही बाईच्या लाचारीला शहाणपण म्हणता. तिने दावा केला नाही, कारण तिला दावा नव्हताच. हा आक्षेप खरा आहे. वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळाला तो २००५ च्या कायदादुरुस्तीने. आपल्याकडे कर्नाटकात आणि पलीकडे महाराष्ट्रातही राज्याच्या कायद्याने १९९४ सालीच तशी सोय झाली होती. तरी आजही किती बहिणी वाटणीच्या कागदावर मुकाट सही करून माहेरची चोळी घेऊन परततात, हे आपण बघतोच. ते मी चांगले म्हणत नाही. पण वाटा ही एक गोष्ट आहे आणि आठवण ही दुसरी. ज्याला वाटा आहे, त्याला कौले परतण्याचाही वाटा असतो, कर्जाच्या हप्त्याचाही असतो. नुसत्या आठवणीच्या जोरावर, तिथे रोज राहणाऱ्यांनी कसे राहावे हे ठरवायचे, हे मात्र मुलीने करो की मुलाने, मला न्याय्य वाटत नाही.

एक बाजूची गोष्ट सांगतो; वाचकांना ती बाजूची वाटणार नाही. आपल्या भागात घर न सोडताही घराची आठवण येणारी एक पिढी होऊन गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला माणसे जिथल्या तिथे राहिली आणि मुंबई राज्य पायाखालून सरकले. वडील शेवटपर्यंत "आपल्या मुंबई राज्यात" असे म्हणत. त्या दुःखाची थट्टा करण्याची माझी छाती नाही. पण जून महिन्यात पहिलीच्या वर्गाचा पट हातात घेतला, की मला वेगळेच सुचते. मराठी आमचे घर, असे व्यासपीठावरून म्हणणारे आपण. त्या घराची कौले परतायला किती जण चढतो? माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला. म्हणून मी हे फार मोठ्याने बोलत नाही.

तर त्या रविवारी मी मुलीच्या घरी गेलो. घर खरोखर देखणे. मातीच्या भिंती, रुंद पडवी, सागवानी चौकट. तिचे वडील संकोचले. बोलली ती आई. "सर, तिला काय, चार दिस येऊन बघायचं. सारवायचं मला हाय." मग ती एकेक सांगत गेली. वानरे दर उन्हाळ्यात कौले फोडतात. मृगाआधी कौले परतणारा म्हातारा होता तो वारला, त्याची मुले गोव्याला कामाला गेली. मागच्या पावसात रात्री तीन ठिकाणी पातेली मांडून ती जागी बसली होती. वाशांना वाळवी. गुडघ्यामुळे खाली बसून सारवणे होत नाही. "फोनवर मी तिला गळतं तेवढं सोडून सगळं दाखवतो. लेकरू लांब हाय, जिवाला घोर कशाला?"

मी मुलीचा निरोप सांगितला नाही. फक्त वडिलांना एवढे म्हणालो, की घर पाडा, पण हे पोरीला शेजाऱ्यांकडून कळायला नको होते. आठवण असलेल्या माणसाला घर राखायला लावण्याचा हक्क नसेल. त्याला आधी सांगितले जाण्याचा हक्क आहे. मलाही १९८७ साली कोणी एक पत्र टाकले असते, की खिडकीपाशी पोती ठेवली आहेत, तर मी इतका आरडाओरडा केला नसता असे वाटते. कदाचित केलाही असता. वडील मान हलवून म्हणाले, "चुकलंच ते."

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून सांगितले, की मी शब्द टाकला नाही. आणि का, तेही सांगितले. पातेल्यांचे सांगितले. ती ऐकून घेऊन उठली आणि नमस्कार न करता गेली. त्यानंतर चार महिने तिचा फोन नाही.

जानेवारीत तिच्या सेमिस्टरच्या सुट्टीत घर उतरवायला घेतले. मी एका दुपारी सहज तिकडे वळलो. ती डोक्याला फडके बांधून शिडीखाली उभी होती, भाऊ वरून कौले देत होता. मला पाहून तिने एक वासा दाखवला. वरून अखंड, पण बोट टेकले की आत जाई. "हा माझ्या खाटेच्या बरोबर वर होता सर," ती म्हणाली, आणि पुन्हा कौले मोजायला लागली. चारशे सत्तर शाबूत निघाली. ती गोठ्यावर चढवायची असे तिनेच ठरवले होते, आणि मृगाआधी ती परतायला कोण येणार, यावरून बहीणभावाचा वाद चालला होता.