तीन घरांचं एक पाणी

पांडुरंगा, मला मोठे शब्द येत नाहीत. येतं तसं बोलते, तू ऐक.

आज नळाला पाणी आलं. हंडे भरले, पिंप भरलं. तुझे उपकार. शेवगावच्या नळाचं हे पाणी जायकवाडीच्या फुगवट्यातून उपसून येतं, आणि त्याच फुगवट्याखाली माझ्या वडिलांचं रान आहे. म्हणून उपकार मानताना माझा आवाज जरा अडखळतो. तेवढं समजून घे.

देवा, तू मला तीन घरांची केलीस. लेक बुडिताची. सून टेलची. आई खालच्या कालव्यावरच्या पोरीची. पाणी एकच, आणि तिन्ही घरांत त्याच्याबद्दल एक शब्द जुळत नाही.

१९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली. १९७६ साली धरण पुरं झालं. तोवर शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर अशा तालुक्यांतली शंभराच्या वर गावं गोदावरीच्या पोटात गेली होती. त्यांतलं एक आमचं. वडील काठावर उभे राहून हात लांब करायचे, "तो मळा. ती विहीर. तिथं मारुती." मला नुसतं पाणी दिसायचं. या पाण्याचं नाथसागर हे नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. ते शेवटपर्यंत 'बुडीत' म्हणाले. उन्हाळ्यात पाणी हटलं, की भाऊ उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर करतो. आपल्याच जमिनीवर, चार महिन्यांपुरता. तेवढ्यालाही आम्ही तुझी कृपा म्हणतो, देवा. आम्हाला थोडं पुरतं.

सासर माझं मुळेच्या उजव्या कालव्यावर, पार शेवटाला, म्हणजे टेलला. मुळा धरण राहुरीकडे, बारागाव नांदूरला, २६ टीएमसीचं. पण पाटाचं पाणी राहुरी करत, नेवासा करत आमच्या चारीला पोचेपर्यंत आवर्तन संपायला आलेलं असतं. सासऱ्यांना पाणी म्हणजे रात्रीची पाळी, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं, आणि वर कुणीतरी चारी फोडली की काय ही धास्ती. त्यांनी पाण्याकडे दिवसाउजेडी असं पाहिलंच कमी.

आणि लेक दिली घनसावंगीकडे. जायकवाडीचा डावा कालवा तिकडे जातो. तिच्या दारात मोसंबी आहे. एकदा झाड वाळलं तर पुढच्या पावसानं उभं राहत नाही, हे ती मला फोनवर इतक्यांदा सांगते, की मला पाठ झालंय.

२०२३ च्या नोव्हेंबरात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं. मुळेतूनही सोडलं. सासरे ओट्यावर बसून म्हणाले, "आमच्या तोंडचं नेलं." तेवढ्यात लेकीचा फोन आला, "आई, पाणी सुटलं गं, बाग तगंल आता." आणि भाऊ म्हणाला, "पाणी वाढलं म्हणजे यंदा गाळपेर उशिरा." सांग विठ्ठला, मी कुणाला गप्प बस म्हणू? खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आधी मी तुझ्याकडे मागायचे, देवा, सगळ्यांना एका मताचं कर. आता तसं मागत नाही. ज्याला जे दुखलं, त्याला ते दिसलं. घर बुडालेल्यांनी दिसलं ते बोलून दाखवलं, म्हणून पुनर्वसन हा शब्द तरी सरकारच्या कागदावर चढला. टेलच्या लोकांनी आरडाओरड केली, म्हणून वरच्या चाऱ्यांवर कुणी मोजमाप मागितलं. खालचे कोर्टात गेले, म्हणून पाण्याच्या २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम नुसतं छापलेलं राहिलं नाही. जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांनी किती सोडायचं, याचा हिशेब बसला. वरच्यांनी त्या हिशेबावर हरकत घेतली, तर तो पुन्हा तपासायला अभ्यासगट नेमावा लागला. भांडणं झाली, रस्ते अडले, पुढारी दोन्हीकडचे फोटो काढून गेले. ते चालायचंच. पण एकट्या कुणाच्या डोळ्यानं हे पाणी पूर्ण दिसलं नसतं, एवढं मला या तीन घरांनी शिकवलं. आशा धरायला मला तेवढं पुरतं.

त्यात माझा नातू वेगळाच. त्याला काठावर उभं केलं, की तो रोहित पक्षी शोधतो. १९८६ पासून हे सगळं पक्षी अभयारण्य आहे, हे त्यानं शाळेतून आणलेलं ज्ञान. पणज्याच्या मळ्यावर गुलाबी पायांचे पाहुणे चरतात, हे मला कधी सुचलंच नसतं. त्याच्या डोळ्यांना जप.

देवा, तू आमच्या शेवगावाला बरोबर मधे ठेवलंस. एका अंगाला नेवासा, दुसऱ्या अंगाला पैठण. नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानोबांनी ग्रंथ पुरा केला आणि स्वतःसाठी काही न मागता साऱ्या जगासाठी मागितलं. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. सोबतच्यांना कावड दिसत होती, नाथांना तहान. पण कोसन् कोस वाहून आणलेलं पाणी ते, हळहळणाऱ्यांचंही मन कळतं मला. आषाढीला नाथांची पालखी लाडजळगावावरून तुझ्याकडे निघते, तेव्हा तिच्या वाटेवर वरचे, खालचे, बुडिताचे सगळेच वाकतात. वाकलेल्याला तू कुठल्या धरणाचा हे विचारत नाहीस.

भीतीही सांगते. वेगळं दिसण्यातून दगडही उचलले जातात. २०२३ च्या मे महिन्यात आमच्याच शहरात मिरवणुकीच्या वेळी दगड उडाले, दुकानांची शटरं खाली आली. त्याच तालुक्यात बोधेगावला बन्नोमाँच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघंही नारळ-चादर घेऊन येतात. एकाच मातीत दोन्ही होतं. दगड उचलायच्या आधी हात जड कर, देवा.

मी कोण? कालवा सल्लागार समितीत मला खुर्ची नाही. टीएमसीचं गणित मला नीट येत नाही. माझ्यानं होतं ते एवढंच, की भावाचं सासऱ्यांना सांगते, सासऱ्यांचं लेकीला सांगते, आणि सांगताना कुणाचं कमी करत नाही. एवढं काम माझ्याकडून काढून घेऊ नकोस. कंटाळा येऊ देऊ नकोस. जीभ तिखट होऊ देऊ नकोस.

आमच्या टेलला एक पाळी दिवसाउजेडी दे. लेकीच्या मोसंबीला उन्हाळा सोसू दे. भावाच्या गाळपेरीला वेळेवर वाफसा दे. जे घर सोडून गेले, त्यांची नावं कुणाच्या तरी तोंडी राहू दे.

आणि यंदा नाथसागर काठोकाठ भर, पांडुरंगा. भरला नाही, तर पाणी वाटायच्या बैठकीला टेलचा, बुडिताचा आणि खालचा, असे तिघे एका टेबलाशी बसव. पहिलं बोलणं प्रत्येकानं दुसऱ्याच्या गावाचं करावं, एवढी बुद्धी त्यांना दे.