निनावी कबर (गीता २.२८)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला, २८वा. भगवंत अर्जुनाला सांगतात की सगळे जीव आधी अव्यक्त असतात, मध्ये काही काळ व्यक्त होतात आणि शेवटी पुन्हा अव्यक्तात जातात. मग शोक कशाचा?

हा श्लोक डोळ्यांनी बघायचा असेल तर सकाळी दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये जावं. लोक जॉगिंग करतात, योगासनं करतात, आणि त्यांच्यामध्ये काळवंडलेले दगडी घुमट उभे असतात. ही मूळची सुलतानांची दफनभूमी. सय्यद घराण्यातल्या मुहम्मद शाहचा मकबरा १४४४चा. सिकंदर लोदी १५१७ मध्ये वारला, त्याचा मकबरा मुलगा इब्राहिमने बांधला. १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहिम पडला आणि घराण्याचं राज्यही संपलं. पुढे या मकबऱ्यांभोवती खैरपूर नावाचं गाव वसलं. ते हलवून इंग्रजांनी १९३६ मध्ये इथे बाग केली आणि तिला व्हाइसरॉयच्या पत्नीचं नाव दिलं, लेडी विलिंग्डन पार्क. फाटकावर ते नाव अजून कोरलेलं आहे. रिक्षावाल्याला सांगून बघा, पोहोचताय का!

मला सगळ्यात जास्त थांबवतो तो शीश गुंबद. बाहेरून निळ्या चकाकत्या फरशांचे पट्टे, आत काही कबरी. कुणाच्या, हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. एवढा खर्च केला, एवढे कारागीर लावले, म्हणजे या माणसांसाठी कुणीतरी नक्कीच रडलं असणार. त्या रडणाऱ्यांची नावंही गेली. लॉग फाइलच्या मधल्याच चार ओळी हाती लागाव्यात, तसं.

पण या श्लोकाचा एक वापर मला खटकतो. कुणाची आई जाते आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, 'गीता सांगते, शोक करू नकोस.' अरे, हे वाक्य कुणी कुणाला सांगितलं ते तरी बघा! अर्जुनाने धनुष्य टाकलं तेव्हा कृष्ण रथावरच होता, आणि अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. एवढं सोबत थांबायची तयारी असेल त्यानेच हा श्लोक दुसऱ्याला ऐकवावा.

आणि मधला काळ खोटा आहे, असं भगवंत इथे कुठे म्हणतात? आई आपल्याला दिसली, तिचा हात डोक्यावरून फिरला, हे सगळं त्या मधल्या काळातलंच. आधी ती आपल्याला ठाऊक नव्हती, तिच्यावर आपला काही हक्कही नव्हता. तरी मिळाली. मला तरी या श्लोकातून आधी कृतज्ञता सुचते, धीर त्यामागून येतो.

आज जपाला बसाल तेव्हा गेलेल्या एका माणसासाठी एक माळ करा. रडू आलं तर येऊ द्या, माळ मात्र चालू ठेवा.

उद्या २९वा श्लोक, आत्म्याकडे आश्चर्याने बघणाऱ्यांचा.