कूस

गेल्या महिन्यात रात्रपाळीला माझ्या उजव्या तळव्यात कूस भरली. लाकडी धोट्याची. इचलकरंजीत अजून धोट्याचे माग चालतात. या पेटीतून त्या पेटीत आपटून आपटून धोट्याची कड उठते. मग ती ताण्याचे धागे तोडते, नाहीतर माणसाचा हात धरते.

प्रश्न साधा वाटेल, पण त्यानं मला झोप लागली नाही म्हणून लिहितोय. भरलेली कूस काढायची, की विसरायची?

विसरा म्हणणारे पुष्कळ. "राहू दे, आपोआप निघंल." पण लाकूड अंगात विरघळत नाही. ते ओल धरतं, फुगतं, भोवती पू होतो. एक्स-रे काढला तरी बहुतेक वेळा लाकूड त्यात दिसत नाही. दिसत नाही म्हणून दुखत नाही, असं म्हणायचं काय? दाबून काढायला जावं तर ती आतल्या आत मोडते. हात साबणानं धुवायचा, सुई जाळावर धरायची आणि कूस ज्या वाटेनं शिरली त्याच वाटेनं मागं ओढायची.

उजव्या हातातली कूस माझ्या डाव्या हाताला निघेना. शेजारच्या मागावरच्या मामांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, चष्मा वर सरकवला. "कुठनं शिरलीय, दाखव," म्हणाले, आणि हलक्या हातानं काढली. वरच्या जातीचा माणूस. मग म्हणाले, "बघ पोरा, तुझा हात माझ्या मांडीवर. आता कुठं राहिली जात? तुम्ही लोक उगा जुनं उकरता."

तुम्ही लोक!

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होता. साचाखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं ओढावा लागे. एका धोट्याला अनेकांची तोंडं. अस्पृश्याचं तोंड लागलं की धोटा बाटला! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मालकाशी लढताना एक, आणि खात्याच्या दारात दोन, ही कसली एकजूट?

हे मी मामांना सांगितलं. ते गप्प. मग म्हणाले, "मी कुठं केलं रं हे?"

खरं आहे. त्यांनी नाही केलं. त्यांनी तर माझी कूस काढली. मग उपकार मानून मी तोंड मिटावं? मित्रांनो, मी त्यांचे आभार मानले, मनापासून मानले. पण आभार काढणाऱ्या हाताचे. गप्प बसलो तर सोय होते ती लाकडाची. मला कुणाकडून दंड घ्यायचा नाही. पण सुई लावण्याआधी मामांनीच विचारलं होतं, कुठनं शिरली. तेव्हा ते उकरणं नव्हतं, इलाज होता. मग हातापुरता जो इलाज, तो समाजापुरता गुन्हा कसा?

पहाटे काचकागद घेऊन तो धोटा घासायला बसलो. दिवसपाळीला त्या मागावर दुसरं पोरगं येतं. त्याची जात मला ठाऊक नाही. थोड्या वेळानं मामा आले. धोटा हातात घेतला, कडेवरनं बोट फिरवलं.

"हितं अजून लागतंय," म्हणाले.

मी म्हणलं, "तेच तर सांगतोय, मामा."