मिटलेली तक्रार, राहिलेला दोष

दोष जेथे दिसतो तेथेच तो घडला असे मानण्याची खोड मनुष्यास फार जुनी आहे. वादाचे कारण कोठे उद्भवले हे आधी शोधावे, असे आम्हां वकिलांना प्रारंभीच शिकविले जाते. पण घरात हाच धडा आम्ही विसरलो.

आमची पुतणी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकू लागली आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा उभा केला, तीच ही भाषा. तीत आज्ञांचे गट महिरपी कंसांत बांधतात, आणि उघडलेला प्रत्येक कंस मिटवावा लागतो. पोरीने पाच दिवसांच्या दूधखर्चाची बेरीज घेतली होती: ४०, ४०, ८०, ४०, ४०. बेरजेचे फंक्शन हा बाहेरचा गट. एकेक रक्कम मिळवीत जाणारा लूप हा त्याच्या आतला. हे फंक्शन तिने सर्वांत शेवटी लिहिले होते, आणि त्यात लूपचा कंस मिटवावयाचा राहिला.

यंत्राने तक्रार केली ती मात्र अगदी अखेरच्या ओळीवर: मजकूर अकस्मात संपला! त्याचेही चुकले नाही. ते वरून खाली वाचत जाते. कंस पुढे कोठेतरी मिटेल ही त्याची आशा मजकूर संपल्यावरच संपते.

आम्ही चष्मा सावरून म्हणालो, "शेवटी एक कंस घाल." तिने घातला. तक्रार मिटली. उत्तर आले ४०.

कंसांची संख्या आता बिनचूक होती. जागा चुकली होती. 'उत्तर परत दे' ही आज्ञा लूपच्या आत अडकल्यामुळे पहिली रक्कम मिळविताच यंत्र उत्तर देऊन मोकळे झाले. पोरीने संशय घेतला तो यंत्रावर नव्हे, आमच्यावरही नव्हे, तर आपण तोंडी केलेल्या २४० च्या बेरजेवर! हे आम्हांस फार लागले.

यंत्रास हेतू कळावयास हवा होता काय? ती आज्ञा तिने लूपमधील ओळींपेक्षा डावीकडे घेऊन लिहिली होती. हेतूचा इतका स्वच्छ पुरावा न्यायालयात क्वचितच मिळतो. पण जावास्क्रिप्ट समास पाहत नाही. (पायथॉन ही दुसरी भाषा पाहते; तेथे समास चुकला की अर्थ चुकतो, म्हणजे सुटका तेथेही नाहीच.) तेव्हा यंत्रावरील आरोप टिकत नाही. डोळ्यांसमोरचा पुरावा आम्ही वाचला नाही, हा आरोप मात्र टिकतो. तिचे ते विस्मरण. आमची ती घाई, तक्रार बंद झाली की प्रकरण निकालात निघाले असे समजण्याची.

पुन्हा बसलो. शेवटचा कंस काढला आणि आतून बाहेर येत प्रत्येक उघडत्या कंसाचा जोडीदार बोटाने शोधला. 'उत्तर परत दे'च्या अगोदरची जागा रिकामी सापडली. तेथे कंस मिटविताच २४० आले.

"मग काका, आधी शेवटी का घालायला सांगितला?"

यंत्राने तीच ओळ दाखविली म्हणून, याखेरीज आमच्यापाशी उत्तर नव्हते.